सरळ केलेलं नाणं

चाचा, तुम्ही गेल्याचं मला पोस्टकार्डानं कळलं, तेही अकराव्या दिवशी. तुमच्या बहिणीनं, फातिमाआपांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेलं चार ओळींचं कार्ड कोपरगावला शाळेत आलं, तेव्हा मी नववीच्या वर्गावर होतो. शिपायानं ते टेबलावर ठेवलं. मी वाचलं आणि उरलेला तास शिकवला. काय शिकवलं ते आठवत नाही. मुलांशी किंवा शिक्षकांच्या खोलीतही मी काही बोललो नाही. तुम्ही माझे कोण, हे एका शब्दात सांगता आलं नसतं. नात्यातले नव्हता, धर्माचे नव्हता, गावचेही नव्हता. नगरला सराफ बाजाराच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे हुसेनभाई. कोपरगावात तुम्हाला ओळखणारं कुणीच नाही. संध्याकाळी खोलीवर येऊन दिवा लावला तरी तुमच्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असं माणूस नव्हतं. म्हणून तुमच्याशीच बोलतो आहे. खरं तर जे बोलायचं आहे, ते तुम्ही समोर असतानाच बोलायला हवं होतं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की कोपरगावहून एस.टी.नं नगर आणि नगरला गाडी बदलून तिसगाव, हा माझा घरचा रस्ता. मधे दोन-अडीच तास मोकळे असत. तीन वर्षांपूर्वी अशाच एका शनिवारी माझं मनगटी घड्याळ बंद पडलं म्हणून मी तुमच्या दुकानाची पायरी चढलो.

"काय शिकवता मास्तर?" घड्याळाच्या पोटातून डोळा न काढता तुम्ही विचारलंत.

"इतिहास."

"मोगलांचा पण?"

"हो. बी.ए.ला तोच घेतला होता."

तुम्ही डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलंत आणि खणातून एक जाडजूड रजिस्टर काढून माझ्यापुढं उघडलंत. पानावर रुपेरी कागदाचे गोल चिकटवलेले होते. त्यांवर उठलेली अक्षरं एकात एक गुंतलेली.

"ही मोहोर कुठल्या बादशहाची, वाचा बघू."

मला एक अक्षरही लागलं नाही. तुम्ही हसलात. चिडवल्यासारखं हसलात, पण वाईट वाटावं असं नाही.

"बी.ए. झालात आणि बादशहाचं नाव वाचता येत नाही? मग परीक्षेत काय लिहिलंत?"

त्या दिवसापासून मी तुमचा 'बी.ए. साहेब' झालो.

तुमचा संग्रह पाहून सुरुवातीला मी बुचकळ्यात पडलो होतो. सोन्याची दुर्मीळ नाणी जमवणारा माणूस म्हणून बाजारात तुमची ख्याती, आणि तुमच्याजवळ सोन्याचं एकही नाणं नव्हतं. सराफाच्या दुकानात कुणी जुनं नाणं मोडायला आणलं की गल्लीतून हाळी येई, "हुसेनभाई, आलंय बघा!" तुम्ही हातातलं घड्याळ तसंच उघडं टाकून त्यावर काचेचा पेला उपडा घालायचात आणि धावायचात. सोनं वितळवायची ती मातीची मूस भट्टीत तापेपर्यंत जेवढा वेळ, तेवढा तुमचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाण्यावर ठेवून आधी अंगठ्यानं, मग मऊ ब्रशानं दाबत गेलं की अक्षर न् अक्षर कागदावर उठतं. एक बाजू, मग दुसरी. तेवढ्यात मूस तापायची, नाणं तिच्यात जायचं आणि तुम्ही दोन चकत्या तळहातावर धरून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दुसरा हात वर ठेवून, सावकाश परत यायचात. स्वतः कधी सिगारेट ओढली नाहीत. पाकिटं चहावाल्याकडून आणायचात.

"सोनं आम्हाला, चांदी हुसेनभाईंना," असं वसंतशेठ सराफ प्रत्येक वेळी म्हणायचे.

"तुमचं सोनं उद्या बांगडी होईल शेठ, परवा पाटली होईल. माझी चांदी बादशहाचीच राहील." हेही ठरलेलं.

त्या रजिस्टरात मोगलांच्या मोहरा होत्या, विजयनगरचे होन होते आणि गुप्तांचा एक दिनार होता. कुण्या फिरत्या व्यापाऱ्याजवळ तुम्हाला तो तासभरासाठी मिळाला होता. एका बाजूला धनुष्य घेतलेला राजा, दुसरीकडं कमळावर बसलेली लक्ष्मी. 'गुप्तांची सुवर्णनाणी' या विषयावर मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं. पण ते नाणं माझ्या अंगठ्याच्या नखाहून फारसं मोठं नसतं, हे मला तुमच्या दुकानात कळलं.

आमच्या घरात सही करणारा मी पहिला. वडिलांचं आयुष्य दुसऱ्याच्या विहिरी खोदण्यात गेलं. शिकलो ते शिक्षकांच्या मेहेरबानीनं, वसतिगृहात राहून, पाठ करकरून. पाठ केलेलं सगळं खरं असतं आणि त्याचा आपल्याशी काही संबंध नसतो, अशी माझी समजूत होती. तुम्ही दर शनिवारी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर चार-चार फारसी अक्षरं काढून दिलीत. वर्षभरात मी मोहरेवरचं नाव अडखळत का होईना वाचू लागलो. पहिलं नाव वाचलं तेव्हा तुम्ही वसंतशेठना ओरडून सांगितलंत, "शेठ, आज आमचा मुलगा बी.ए. झाला!" मला पदवी मिळाली त्या दिवशी असं म्हणणारं कुणी नव्हतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

आपलं एक भांडण मात्र मिटलंच नाही. मी म्हणायचो, नाणं वजनाच्या सोन्याहून जास्त मोलाचं आहे, हे मोडायला आलेल्या माणसाला तुम्ही सांगत का नाही? सांगितलं तर ते वाचेल. संग्रहालयात जाईल. तुम्ही मान हलवायचात.

"एकदा सांगितलं होतं बाबा. एका म्हाताऱ्याला. होन होता. म्हटलं, मोडू नका, फार जुना आहे, किंमत आहे त्याला. घेऊन गेला बिचारा परत. महिन्यानं त्याचे दोन मुलगे आले. म्हातारा गेला होता. दोघांच्या हातात अर्धा-अर्धा. छिन्नीनं तोडलेला. आधी काही बोललो नसतो, तर म्हाताऱ्याच्या मागं निदान घरात भांडण तरी झालं नसतं."

"म्हणून सगळंच वितळू द्यायचं?"

"ज्याच्या गळ्यातलं आहे, त्याला मी कोण सांगणार?"

"मग हे कागद जमवून काय उपयोग?"

तुम्ही भिंग डोळ्याला लावायचात. भांडण तिथं थांबायचं. दुष्काळाच्या वर्षी बाजारात रोज दोन-दोन, तीन-तीन नाणी येऊ लागली, तेव्हा मी फारच कडक बोललो होतो. त्या वेळी तुम्ही जेवण सोडून भट्टीशी बसून असायचात, आणि मी शनिवारचा पाहुणा तुम्हाला अक्कल शिकवत होतो.

एक नाणं मात्र तुमच्या हातून निसटलं होतं. ती गोष्ट तुम्ही मला दोनदा सांगितलीत. देवगिरीच्या यादवांचा पद्मटंक. खोलगट, मधे कमळ, कडेनं वेगवेगळे मारलेले ठसे, एक श्री, एक शंख, राजाच्या नावातली अक्षरं. कुणीतरी मोडायला आणला होता. त्या दिवशी दुकानात चांदी संपली होती. चहावाल्याकडून आणेपर्यंत नाणं मुशीत पडलं. तुम्ही वाकून पाहिलंत तेव्हा कमळ दिसत होतं आणि कड वितळू लागली होती.

"दिल्लीचे, विजयनगरचे सगळे भेटले," तुम्ही म्हणालात. "आपल्या मातीतला राजा तेवढा राहिला."

मी सहज बोललो, "चाचा, तसलं एक आमच्या आईकडं आहे. छोटंसं, वाटीसारखं. मधे फूल आहे. वर कडी जोडली आहे, आई ते गळ्यात घालायची."

तुम्ही उभेच राहिलात. मांडीवरचे दोन स्क्रू खाली पडले आणि तुम्ही ते शोधलेही नाहीत. "मला फक्त दाखव," म्हणालात. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला 'तू' म्हणालात. "मोडू नका वगैरे मी काही सांगणार नाही. तुमचं आहे. फक्त एकदा हातात दे. पाच मिनिटं."

पुढच्या खेपेला मी आईला सांगितलं, "ते गळ्यातलं नाणं नीट काढून ठेव. नगरच्या चाचांना दाखवायला न्यायचं आहे. मोठे जाणकार आहेत." एवढंच सांगितलं. ते नाणं कुणाचं, किती जुनं, त्याचा आकार तसा का, हे सगळं मला तुमच्यामुळं माहीत होतं. आईला सांगायचं मात्र सुचलं नाही. तिला काय कळणार, असंच कुठंतरी मनात असणार.

पंधरा दिवसांनी गेलो. आईनं पदराच्या गाठीतून नाणं सोडून माझ्या हातावर ठेवलं. ते लखलखत होतं, आणि पत्र्यासारखं सपाट होतं.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हंजी? दबलं हुतं त्ये. माझ्या आईच्या टायमापासून तसंच हाय, कुनी ध्यान दिलं न्हाई. मोठ्या मानसाला दाखवायचं म्हनल्यावर वाकडंतिकडं कसं द्यायचं? बाजारच्या दिशी नामा सोनाराकडं नेलं. दोन ठोकं मारून सरळ केलं त्यानं, उजळून बी दिलं. लई चांगला हाय नामा."

मधलं कमळ पसरून त्याच्या पाकळ्या एकमेकींत गेल्या होत्या. कडेला एक चीर पडली होती. श्री राहिला होता. शंख अर्धा राहिला होता. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "चांगलं झालंय."

दुसऱ्या दिवशी नाणं खिशात घालून निघालो. नगरला उतरलो तेव्हाही तुम्हाला सगळं जसं घडलं तसं सांगायचं ठरलेलं होतं. तुमच्या दुकानाशी आलो तर तुम्ही टेबल रिकामं करून त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं होतं. चांदीचे चार कोरे कागद कापून ठेवले होते. अंगात इस्त्रीचा कुडता होता. आणि शेजारच्या खुर्चीवर वसंतशेठ बसले होते. तुम्हीच त्यांना बोलावलं होतं.

"आले बी.ए. साहेब! शेठ, आता बघा."

वसंतशेठ म्हणाले, "बघू द्या मास्तर, खेड्यापाड्यात काय एकेक दडलंय."

मला तेव्हा काय झालं, ते मी तुम्हाला आता स्पष्ट लिहितो. मला आईची लाज वाटली. तो सपाट तुकडा टेबलावर ठेवला की शेठ हसतील, म्हणतील खेडवळ बाई, हातोडीनं ठोकून आणलं. आणि तिचा मुलगा म्हणे इतिहास शिकवतो. खिशात नाण्याभोवती मूठ आवळून मी म्हणालो, "चाचा, मोडलं ते. दुष्काळात. आईनं मला सांगितलंच नव्हतं."

खोटं बोलताना तरी तिला वाचवावं, तेही जमलं नाही. त्यातही दोष तिच्यावरच ठेवला.

 तुम्ही विचारलंत, "कोणाकडं?"

"तिसगावला. नामा सोनाराकडं."

"त्याला फूल दिसलं नसेल का?" हे तुम्ही मला विचारलं नव्हतं. कोरे कागद एकावर एक ठेवून तुम्ही खणात टाकलेत, फडक्याची घडी केलीत आणि म्हणालात, "चहा सांगतो." तो चहा मी प्यालो, चाचा. खिशात ते नाणं होतं आणि मी तुमचा चहा प्यालो.

आई विचारेल हे ठाऊक होतंच. पुढच्या वेळी नाणं परत द्यायला गेलो तेव्हा तिनं विचारलंच, "काय म्हनलं रं त्ये?" मी सांगितलं, "फार आवडलं. आपल्या देवगिरीच्या राजाचं आहे म्हणाले. जपून ठेवा म्हणाले." तिनं ते अख्ख्या वस्तीला सांगितलं.

त्यानंतर चार महिने मी तुमच्याकडं आलो नाही. नगरला उतरायचो आणि स्टँडवरच तिसगावच्या गाडीची वाट बघत बसायचो. दोन-अडीच तास. चालत दहा मिनिटांवर तुम्ही होता. स्टँडवरचं घड्याळ बंद होतं, मनगटावरचं तुम्ही दुरुस्त केलेलं चालू होतं. एवढ्या माणसांत मी कुणाशी बोलायचो नाही. कधी तरी जाऊन सगळं सांगू, असं रोज वाटायचं. पुढचा शनिवार होताच की.

कार्ड आल्यावर पहिल्या रविवारी तुमच्या घरी जायला निघालो, तर आईही निघाली. "मी बी येते. माझं नानं बघितल्यालं मानूस हाय त्ये. कुनी एवढं कौतुक केलं न्हाई आपल्या घरातल्या कशाचं." तिला थांबवायला मला कारण सापडलं नाही.

तुमच्या घरात फातिमाआपा एकट्याच होत्या. तुमची ही एक बहीण आणि तुम्ही, दोनच माणसांचं घर हे, एवढंच मी ऐकून होतो. त्यांनी आम्हाला चटईवर बसवलं. आईनं त्यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "माझं नानं बघून लई खूश झालं हुतं भाऊ. ह्यानं सांगितलं मला सगळं."

मी खाली बघत होतो. आता आपा विचारणार, कुठलं नाणं? आपांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग आईचा हात थोपटत म्हणाल्या, "हां, बोलत होते ना. लई खूश होते. बोलले, मास्तरच्या आईनं किती जपून ठेवलंय."

आईनं पदराची गाठ सोडून नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. आपांनी ते उजेडाकडं धरलं आणि बराच वेळ बघितलं.

"मास्तर, आतल्या फळीवर त्यांचं रजिस्टर आहे, माझा हात पोचत नाही. काढून दे बेटा," म्हणून त्या माझ्या मागं आत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिसगावला जाऊन आले होते ते."

"कोण?"

"भाईजान. त्या सोनाराला भेटायला. बोलले, एखाद वेळी सोनार गाळत नाहीत, ठेवतात बाजूला, विचारून तर येतो. एस.टी.त बसायचं नाही म्हणून कधी लग्नाकार्याला गेला नाही तो माणूस."

माझ्या हातात रजिस्टर तसंच राहिलं.

"सोनार बोलला, मोडलंय कुठं? म्हातारीनं सरळ करायला आणलं होतं, दोन ठोके मारून दिलं. घर पण दाखवलं त्यानं तुमचं. बोलला, ती बघा ओढ्याच्या पल्याड लिंबं, तिथंच."

"मग?"

"मग काय? परत आले."

"का? घर तर समोर होतं."

"बोलले, मी गेलो की त्या बाईला कळणार, आपलं पोरगं खोटं बोललं. नको. येऊ दे त्याला आपल्या पायानं घेऊन."

"रागावले होते का माझ्यावर?"

"सोनारावर रागावले. घरी आल्यापासून रात्रीपर्यंत शिव्या देत होते त्याला." आपांना हसू आलं आणि मग रडू आलं. "तुझ्यावर कशाला? शनिवारी दुपारी जेवायला येत नव्हते घरी. बोलायचे, कोपरगावची गाडी येऊन जाऊ दे. चपटं तर चपटं, आणायचं होतंस रे."

बाहेरून आईनं हाक मारली, "सापडलं का रं?"

ओढ्याच्या अलीकडं उभं राहिलं की आमचं दार दिसतं. दारात तुळस आहे, शेळी बांधलेली असते, आई बहुधा अंगणात काही निवडत बसलेली असते. तुम्ही तिला तिथून पाहिलंत की नाही, मला माहीत नाही. ज्याची कड वितळताना पाहून तुम्ही घरी आला होता, तसलं नाणं उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्यात श्री शाबूत होता. अर्धा शंख होता. तुम्ही भिंग लावलं असतंत तर राजाचं नावही कदाचित लागलं असतं. मला ते लागत नाही, घरी गेलो की दर वेळी प्रयत्न करतो. आणि तुम्ही मागं वळून स्टँडवर येऊन बसलात. तिसगावहून नगरला जायला दुपारी लवकर गाडी नसते. म्हणजे तुम्हीही तिथं दोन-अडीच तास बसला असाल, कुणाशी न बोलता.

नगरच्या एका साप्ताहिकानं हा मजकूर छापायचं कबूल केलं आहे. आईला वाचता येत नाही. माझं नाव छापून आलं की ती अंक हातात घेऊन नाव कुठं आहे ते विचारते, त्यावर बोट ठेवते आणि म्हणते, आता वाच. मी वाचून दाखवतो. तिला कळत नाही असं वाटलं की दोन-चार ओळी गाळूनही टाकतो. या वेळी गाळणार नाही. तिनं सरळ केलेल्या नाण्याचं वाचीन, तुमच्या टेबलासमोर मला तिची लाज वाटली तेही वाचीन आणि तुम्ही ओढ्यावरून परत फिरलात तेही. तिला कळू नये म्हणून तुम्ही एवढं केलंत, आणि मी तेच तिला सांगायला निघालो आहे. हे बरोबर की चूक, यावर आपण एक अख्खा शनिवार भांडलो असतो. आता मला एकट्यालाच ठरवावं लागलं, चाचा. मी वाचणार आहे.